भयाचा आश्रय

युद्धाविषयीचे वाङ्मय वाचताना एक प्रश्न वाचकाच्या मनात सहसा येत नाही, आणि आला तरी तो उच्चारण्याचा त्याला संकोच वाटतो. हा जो वीर येथे शत्रूवर तुटून पडत आहे, त्याला भय वाटत होते की नाही? कवी उत्साहाचे वर्णन करतो, इतिहासकार पराक्रमाची नोंद करतो, आणि घरी सुरक्षित बसलेला वाचक दोहोंवर संतुष्ट असतो. मरणाच्या छायेत उभ्या असलेल्या मनुष्याच्या अंतःकरणात त्या वेळी काय चालले होते, हे जाणून घेण्याची गरज कोणासच भासत नाही. आमच्या मते युद्धवाङ्मयाचे खरेखोटेपण याच प्रश्नाच्या कसोटीवर ठरते. आणि खोट्या वाङ्मयाने रुजविलेल्या कल्पनांचे मोल कित्येकदा तरुण माणसांना आपल्या प्राणांनी द्यावे लागले आहे.

आपल्या साहित्यशास्त्राने या प्रश्नाचा विचार केला नाही असे मात्र नाही. भरताने वीर आणि भयानक हे दोन स्वतंत्र रस मानले. एकाचा स्थायी उत्साह, दुसऱ्याचा भय. हातपाय कापणे, दृष्टी चंचल होणे, अंगावर काटा येणे, तोंडचा वर्ण उडणे, स्वर बदलणे ही भयाची लक्षणे त्याने इतक्या बारकाईने नोंदविली आहेत, की आजच्या वैद्यालाही त्यांत फारशी भर घालावी लागू नये. पुढील शास्त्रकारांनी ही लक्षणे कोणाच्या अंगी दाखवावीत याचीही व्यवस्था लावून टाकली. विश्वनाथाच्या ‘साहित्यदर्पणा’त वीर हा उत्तम प्रकृतीच्या पुरुषाचा आणि भयानक हा स्त्रियांचा व नीच प्रकृतीच्या पात्रांचा ठरला. त्याच्याही पूर्वी, नवव्या शतकात, आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’च्या तिसऱ्या उद्द्योतात रसविरोधाची चर्चा करताना असे सांगितले, की वीर आणि भयानक एकाच आश्रयाच्या ठिकाणी आले तर परस्परांस मारक होतात. तेव्हा कवीने त्यांचे आश्रय भिन्न करावेत; उत्साह नायकाच्या वाट्यास द्यावा आणि भय त्याच्या प्रतिपक्षाच्या. असे केले म्हणजे भयाचा कितीही परिपोष झाला तरी वीराला बाध येत नाही.

नियम मार्मिक आहे यात शंका नाही. आपल्या पोवाड्यांनी आणि ऐतिहासिक कादंबऱ्यांनी तो ‘ध्वन्यालोका’चे पानही न उलटता पाळलेला दिसतो. तेथे भय असते, भरपूर असते. पण ते बहुतकरून शत्रूच्या गोटात. महाभारतकाराची दृष्टी मात्र या नियमाहून विशाल होती. विराटपर्वातील राजपुत्र उत्तर हा अंतःपुरात बढाया मारून निघतो आणि कौरवांची सेना दृष्टीस पडताच रथातून उडी टाकून पळत सुटतो. बृहन्नडेला त्याच्यामागे धावून त्याला धरून आणावे लागते. वरवर पाहता हे भय अर्जुनाच्या शौर्याला उठाव देण्यासाठी योजलेले आहे, आणि आपण सारे लहानपणापासून त्या उत्तराला हसत आलो आहोत. हसण्याच्या भरात आपण एक गोष्ट विसरतो. तोच उत्तर थोड्या वेळाने, त्याच सेनेसमोर, भीष्मद्रोणांच्या बाणवर्षावात अर्जुनाच्या घोड्यांचे लगाम हाती धरून बसलेला आहे. मध्येच त्याचे चित्त पुन्हा ढळते; अर्जुन त्याला धीर देतो; आणि रथ पुढे जातो. भ्यालेला मनुष्य आणि टिकून राहिलेला मनुष्य येथे एकच आहे. व्यासांनी जे ओझरते दाखविले, तेच अर्वाचीन युरोपीय लेखकांनी युद्धवाङ्मयाचा मुख्य विषय केले.

यांतील अग्रगण्य नाव टॉलस्टॉयचे. 1855 साली तो सेवास्तोपोलच्या वेढ्यात तोफखान्याचा अधिकारी म्हणून प्रत्यक्ष चौथ्या बुरुजावर होता, आणि तेथेच त्याने आपली सेवास्तोपोलची शब्दचित्रे लिहावयास घेतली. त्यांपैकी दुसऱ्या चित्रातील एक प्रसंग विसरता येण्यासारखा नाही. दोन अधिकाऱ्यांच्या जवळ एक पेटता बॉम्ब येऊन पडतो आणि फुटण्यापूर्वी जमिनीवर गरगर फिरत राहतो. त्या एका क्षणात प्रास्कूखिनच्या मनात काय येते? देश नाही, झार नाही, परलोकही नाही. शेजारी पडलेल्या मिखाइलोव्हचे आपण बारा रूबल देणे लागतो, हे त्याला आठवते. एका स्त्रीच्या टोपीवरील जांभळ्या फिती आठवतात. पाच वर्षांपूर्वी झालेला अपमान आठवतो. बॉम्ब फुटतो. आपल्याला थोडासा मार लागला आहे अशा समजुतीत तो मरतो. आणि आपण मेलोच असे समजणारा मिखाइलोव्ह डोक्याला एक दगड लागण्यावर निभावतो. टॉलस्टॉयने येथे भयाला मोठे केले नाही की लहान केले नाही. ते ज्या क्षुद्र आणि मानवी वस्तूंच्या गर्दीत वावरते, त्या गर्दीसकट त्याने ते दाखविले. हे अधिकारी पळत का नाहीत, याचेही त्याचे उत्तर निर्दय आहे. पुष्कळांना जागेवर खिळवून ठेवते ती इतरांच्या नजरेची चाड, म्हणजे अहंकार. झारच्या अभ्यवेक्षकांनी या चित्राची भरपूर कापाकाप केली, याचे आश्चर्य वाटावयास नको.

यानंतर चाळीस वर्षांनी, 1895 साली, स्टीफन क्रेनची ‘दि रेड बॅज ऑफ करेज’ ही कादंबरी पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. क्रेन तेव्हा अवघ्या 23 वर्षांचा होता. ज्या अमेरिकन यादवी युद्धावर त्याने लिहिले, ते त्याच्या जन्मापूर्वीच, 1865 साली, संपले होते. आणि रणभूमी त्याने अद्याप डोळ्यांनी पाहिलेलीही नव्हती. असे असूनही हेन्री फ्लेमिंग या पोरसवदा शिपायाच्या मनाचे त्याने केलेले चित्रण लढून आलेल्यांनाही पटले. हेन्रीला सतावणारी चिंता शत्रूची नाही. वेळ येईल तेव्हा आपण पळू की काय, ही त्याची चिंता आहे. पहिला हल्ला तो सोसतो. दुसऱ्या हल्ल्यात पळतो. पळताना आपल्याच बाजूच्या दुसऱ्या पळपुट्याकडून डोक्यात बंदुकीचा तडाखा बसतो, आणि तीच जखम सोबत्यांत त्याच्या शौर्याची खूण ठरते. दुसऱ्या दिवशी तो निशाण हाती घेऊन सर्वांच्या पुढे असतो.

या कादंबरीचे मोल मोठे असले तरी तिच्यातील एक उणीव सांगितली पाहिजे. क्रेनने भय आणि शौर्य एकाच आश्रयी आणले खरे, परंतु वेगवेगळ्या दिवशी. भयाचा दिवस निराळा, शौर्याचा निराळा, आणि दोहोंच्या मध्ये लज्जा उभी. लागोपाठ येण्याने ज्या रसांचा विरोध होतो त्यांच्यामध्ये तिसरा रस घालावा, असे आनंदवर्धनानेच सांगून ठेवले आहे. त्याला ही योजना बहुधा मान्य झाली असती. एकाच घटकेला, एकाच हृदयात, दोन्ही कशी नांदतात हे दाखविणे अद्याप बाकी होते.

त्यासाठी 1914 चे युद्ध यावे लागले. वीररसाचे आलंबन म्हणजे विजेतव्य, अर्थात ज्याला जिंकावयाचे तो शत्रू, असे शास्त्रकार सांगतात. भीमासमोर दुर्योधन असतो, रामासमोर रावण. पश्चिम आघाडीवरील खंदकात बसलेल्या शिपायासमोर कोण होते? काही मैलांवरच्या तोफेतून गोळा येई. तो सोडणाऱ्याने याला पाहिलेले नसे आणि याने त्याला. तासन्‌तास, कधी दिवसच्या दिवस, चिखलात बसून राहावयाचे. लढता येत नाही आणि पळताही येत नाही. ज्या युद्धात विजेतव्यच दिसेनासा झाला त्यात उत्साहाला आलंबन कोठले? म्हणूनच पुष्कळ टीकाकारांनी त्या युद्धाबरोबर वीररस संपला असा निर्वाळा दिला. आम्हांस तो पटत नाही. शत्रू दृष्टीआड झाला तरी जिंकावयाची एक वस्तू त्या खंदकात शिल्लक होतीच, आणि ती म्हणजे शिपायाचे स्वतःचे भय. भय हेच विजेतव्य झाले. वीर आणि भयानक यांचे आश्रय वेगळे ठेवण्याची सोय तेथे उरली नाही, कारण एक दुसऱ्याचे आलंबन होऊन बसला होता.

एरिख मारिया रेमार्क याच्या 1929 साली ग्रंथरूपाने आलेल्या ‘ऑल क्वाएट ऑन दि वेस्टर्न फ्रंट’ या कादंबरीची थोरवी याच दृष्टीने जोखली पाहिजे. रेमार्क 1917 साली स्वतः आघाडीवर जखमी झाला होता. त्याच्या पुस्तकाची ख्याती युद्धविरोधी म्हणून झाली, आणि 1933 साली नाझींनी ते जाळले तेही त्याच कारणाने. त्यातील तत्त्वचिंतनाचा भाग आम्हांस तितकासा सरस वाटत नाही. एकोणीस-वीस वर्षांच्या पाउल बॉयमरच्या मुखाने तेथे पुष्कळदा एक सबंध पिढी जाहीरनामा वाचीत आहे असा भास होतो. परंतु लेखक जेथे केवळ पाहतो, तेथे त्याला तोड नाही. पहिल्याच भडिमारात एका कोवळ्या रंगरुटाचे कपडे घाण होतात. पाउल त्याला हसत नाही. पहिल्या वेळी हे पुष्कळांचे होते, असे सांगून तो त्याला कपडे बदलावयास लावतो, आणि गोष्ट तेथेच मिटते. दुसरा एक रंगरूट भुयारात कोंडून वेडापिसा होतो आणि बाहेर धावू पाहतो. सोबती त्याला मारून ताळ्यावर आणतात. त्या मारात तिरस्कार नाही. बुडत्याला केसांना धरून ओढावे, तसा तो प्रकार आहे.

याहूनही मार्मिक प्रसंग हिमेलष्टोस या कवायत शिकविणाऱ्या नाईकाचा. छावणीत पोरांचा छळ करणारा हा मनुष्य हल्ल्याच्या वेळी किरकोळ ओरखड्याचे निमित्त करून खंदकाच्या कोपऱ्यात दडून बसतो. पाउल त्याला शिव्या देतो, गदागदा हलवितो. काही उपयोग होत नाही. इतक्यात एक लेफ्टनंट पुढे चलण्याचा हुकूम देत येतो. तो शब्द कानी पडताच हिमेलष्टोस झोपेतून जागा झाल्यासारखा उठतो आणि धावत त्या लेफ्टनंटच्याही पुढे निघून जातो. हा मनुष्य भ्याड की शूर? या प्रश्नाला उत्तर नाही, आणि रेमार्कही ते देण्याच्या भानगडीत पडत नाही. नीच प्रकृती आणि उत्तम प्रकृती असे माणसांचे दोन ढीग करावेत, तर एकाच मनुष्याला एका मिनिटाच्या आत या ढिगातून त्या ढिगात टाकावे लागते.

सुशिक्षित कुटुंबांतील वाचकांनी विशेष लक्ष देऊन वाचावीत अशी या कादंबरीतील पाने मात्र खंदकातील नाहीत. ती पाउलच्या रजेतील आहेत. आजारी आई विचारते, तिकडे फार भयंकर आहे का? तो नाही म्हणतो. गावातील प्रतिष्ठित मंडळी त्याला मेजवानी देतात आणि सैन्याने कोठून मुसंडी मारावी हे त्यालाच समजावून सांगतात. ज्या शिक्षकाने सगळा वर्ग भरतीच्या कचेरीत नेला, तो याच मंडळींपैकी एक. यांच्यांत कोणीही दुष्ट नाही. त्यांनी वीररसाचे वाङ्मय वाचलेले आहे आणि ते त्यांना खरे वाटते, एवढाच त्यांचा दोष. शिपायाला आपले भय सांगण्यासाठी जगात जागाच उरत नाही, ती अशा सज्जनांमुळे.

ही जागा नसल्याचा परिणाम वाङ्मयापुरता राहिला नाही. 1915 च्या फेब्रुवारीत डॉ. चार्ल्स मायर्स यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ‘शेल-शॉक’ झालेल्या शिपायांची हकीकत प्रसिद्ध केली. अंगावर जखम नसता ज्यांची दृष्टी वा स्मृती गेली, असे हे लोक होते. तथापि सैन्याच्या न्यायासनापुढे भय हा रोग ठरावा की अपराध, हे पुष्कळदा अधिकाऱ्याच्या समजुतीवर अवलंबून राहिले. त्या युद्धात पळून जाणे, भ्याडपणा, जागा सोडणे अशा अपराधांसाठी ब्रिटिश साम्राज्याच्या सैन्याने ज्यांना आपल्याच बंदुकींपुढे उभे करून ठार केले, त्यांपैकी 306 शिपायांना 2006 साली कायद्याने क्षमा करण्यात आली. मधल्या नव्वद वर्षांत त्यांच्या घरच्यांनी काय सोसले असेल, याची कल्पनाच करावी. नीच प्रकृतीचे पात्र हा शब्द ग्रंथात निरुपद्रवी असतो. न्यायासनावर बसलेल्या मनुष्याच्या मनात तो असला, म्हणजे गोळी सुटते.

एडिंबरोजवळील क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात अशा अधिकाऱ्यांवर उपचार करणारे डॉ. रिव्हर्स यांचे नाव आपल्याकडील मानववंशशास्त्राच्या अभ्यासकांना परिचित आहे. निलगिरीवरील तोडा लोकांविषयीचा त्यांचा ग्रंथ 1906 साली प्रसिद्ध झाला होता. भयाची आठवण दडपून टाका, असे जे सर्वजण शिपायाला सांगत, ते त्याचे दुखणे वाढविणारे आहे, असे त्यांनी 1917 च्या अखेरीस एका निबंधात प्रतिपादन केले. आठवण समोर आणावी, तिच्याशी परिचय करावा, आणि मग ती सुसह्य होते. आमच्या मते उत्तम युद्धवाङ्मयही वाचकासाठी हेच करीत असते. पुढे लॉर्ड मोरान यांनी, जे पहिल्या महायुद्धात पलटणीचे डॉक्टर होते आणि दुसऱ्यात चर्चिल यांचे, 1945 च्या ‘दि अ‍ॅनाटमी ऑफ करेज’ या ग्रंथात धैर्याला बँकेतील ठेवीची उपमा दिली. प्रत्येकाजवळ ती मर्यादित असते, प्रत्येक दिवस तीतून काही काढतो, आणि ती संपली की शूरातला शूरही कोसळतो. भय न वाटणारे, वाटूनही न दाखविणारे, दाखवूनही काम करणारे, आणि दाखवून काम टाकणारे, अशा चार पायऱ्या त्यांनी सांगितल्या. शास्त्रकारांच्या दोन प्रकृतींच्या जागी या चार पायऱ्या ठेवल्या, तर टीकाकाराच्या हाती अधिक सूक्ष्म माप येते. मधल्या दोन पायऱ्यांवरच बहुतेक माणसे उभी असतात, आणि चांगले वाङ्मयही तेथेच जन्मास येते.

येथे एक आक्षेप येण्यासारखा आहे. भयाचे असे वाङ्मय वाचून तरुण दुर्बळ होणार नाहीत काय? भय ओळखणारा मनुष्य लढेल कसा? याला युक्तिवादापेक्षा एक चरित्र अधिक चांगले उत्तर देते. कवी विल्फ्रेड ओवेन हा 1917 साली याच क्रेगलॉकहार्टमध्ये रुग्ण होता. खंदकातील भयाविषयी त्याने ज्या कविता लिहिल्या, त्यांहून निर्भीड कविता इंग्रजीत थोड्या असतील. बरा झाल्यावर तो 1918 मध्ये पुन्हा आघाडीवर गेला; ऑक्टोबरच्या आरंभीच्या लढाईत त्याने मिलिटरी क्रॉस मिळविला; आणि युद्ध थांबण्यास एक आठवडा उरला असता, 4 नोव्हेंबर रोजी, कालव्याच्या काठावर तो मारला गेला. त्याचे वय 25 होते. भयाला नाव देण्याने त्याचे पाऊल मागे पडले नाही.

त्याच फ्रान्सच्या चिखलात 1914 च्या शरद ऋतूपासून लाखाहून अधिक हिंदी शिपाई व त्यांचे सोबती येऊन गेले. त्यांची पत्रे अभ्यवेक्षकांकडून तपासली जात. त्या कचेरीने केलेले उतारे जपले गेले, आणि 1999 साली डेव्हिड ओमिसी यांनी त्यांतील निवडक पत्रे संपादित करून प्रसिद्ध केली. पुष्कळांना अक्षरओळख नसल्याने पत्र दुसऱ्याकडून लिहवून घ्यावयाचे. ते साहेब वाचणार. घरी ते तिसऱ्याने वाचून दाखवावयाचे. अशा तीन परक्यांच्या देखत मनुष्य आपले भय कसे सांगणार? मग हिंदी शिपायांना काळी मिरी आणि गोऱ्यांना लाल मिरी म्हणावयाचे. या लढाईला महाभारत म्हणावयाचे. आणि धाकट्या भावाने भरती होऊ नये, हे आडवळणाने सुचवावयाचे. या पत्रांत अलंकार आहेत, पण ते शोभेसाठी नाहीत. उघड बोलण्याची सोय नसलेल्या भयाने ते धारण केले आहेत. आमच्या मते हा ग्रंथ रेमार्कच्या शेजारी ठेवण्याच्या योग्यतेचा आहे.

मराठीत असे काय आहे? पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनबरोबर मराठा पलटणींचे शिपाई मेसोपोटेमियात गेले, आणि डिसेंबर 1915 पासून एप्रिल 1916 पर्यंत कुतच्या वेढ्यात उपासमार सोसून कैदेत पडले. त्यांच्या अंतःकरणाचा शोध घेणारी कलाकृती आपल्या वाङ्मयात कोठे आहे? विश्राम बेडेकरांच्या 1939 च्या कादंबरीचे नाव ‘रणांगण’ आहे. पण ते रणांगण युरोपातून निघालेल्या एका आगबोटीवर आणि तिच्यावरील निर्वासितांच्या मनात आहे. ती थोर कादंबरी आहे, परंतु शिपायाची नव्हे. शिपाई साताऱ्या-रत्नागिरीच्या खेड्यातला आणि लेखक पुण्या-मुंबईचा, हे अंतर यास बऱ्याच अंशी कारण असावे. पण आश्रय भिन्न ठेवण्याची आपली जुनी सवयही त्यामागे आहे, असे म्हटल्यावाचून राहवत नाही. आपण शिपायाला वीर ठरवून त्याची पूजा केली, आणि त्यामुळेच त्याला काही विचारले नाही.

9 एप्रिल 1945 रोजी इटलीतील सेनियो नदीवर मराठा लाइट इन्फन्ट्रीचे शिपाई नामदेव जाधव यांनी जे केले, त्याबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या पदकाचे मानपत्र हेही एक वाङ्मयच आहे, आणि ते लक्षपूर्वक वाचण्यासारखे आहे. गोळीबार व तोफमारा चालू असता त्यांनी एका जखमी माणसाला खोल पाण्यातून, निसरड्या बांधावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी पोचविले. आणि मग दुसऱ्यासाठी ते त्याच वाटेने परत आले. यानंतर त्यांनी यंत्रबंदुकींची ठाणी मोडली, हा भाग पोवाड्यात सहज बसेल. आमचे मन मात्र त्या दुसऱ्या फेरीपाशी अडते. पहिल्या फेरीस उत्साह पुरेसा असतो; त्या वेळी वाट माहीत नसते. दुसऱ्या वेळी पाणी किती खोल आहे, बांध किती उघडा आहे, गोळ्या कोठून येतात, हे सारे अंगाला ठाऊक झालेले असते. मानपत्रात त्या दोन फेऱ्यांच्या मधल्या क्षणाविषयी एक अक्षर नाही, आणि असणारही नाही. सरकारी लेखणीचे ते काम नव्हे. तो क्षण लिहिणे हे वाङ्मयाचे काम आहे, आणि मराठी लेखणीने ते अद्याप केलेले नाही.